इमर्जन्सीच्या टेबलापासून आयसीयूच्या पिंजऱ्यापर्यंत: नव्या पशुवैद्यकीय तंत्रज्ञांसाठी

साध्या ओपीडीतून इमर्जन्सीत आलेल्या तंत्रज्ञाचा हात बहुतेक वेळा बसलेला असतो. शीर सापडते, रक्त काढता येतं, एक्स-रे घेता येतो. अडतं ते क्रमावर. समोर धापा टाकणारं मांजर, रडवेले पालक आणि वाजणारा फोन एकाच वेळी असतात आणि आधी कशाला हात घालायचा तेच सुचत नाही. म्हणून या लेखात भर आहे तो क्रमावर. त्याहून जास्त भर आहे एका सवयीवर: काही केलं की त्याचा परिणाम काय झाला ते लगेच पुन्हा बघायचं. इमर्जन्सीत एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तो चढतोय की उतरतोय, यावर पुढचं ठरतं.

निदान करणं, औषध ठरवणं, शस्त्रक्रिया आणि "वाचेल का हो?" या प्रश्नाचं उत्तर, ही डॉक्टरांची कामं. खाली काही डोस दिले आहेत ते तुम्ही स्वतः ठरवून द्यावेत म्हणून नव्हे. सांगितलेलं औषध भरताना दशांशचिन्ह सरकलं असेल, तर तुम्हाला ते जाणवायला हवं.

## ड्युटीवर आल्या आल्या

क्रॅश कार्ट, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबल्यावर लागणाऱ्या सामानाची गाडी, उघडा. आधीच्या ड्युटीने तपासलीय असं कागदावर लिहिलेलं असलं तरी उघडा. लॅरिंगोस्कोपचा (घशात बघून नळी घालायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का, श्वासनलिकेच्या नळ्या लहान-मोठ्या सगळ्या मापांत आहेत का, त्यांचा कफ हवा धरतो का, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) फाटलेली नाही ना, सक्शन ओढतंय का, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा कुठे आहे. औषधांच्या तारखा बघा. वजनानुसार डोसचा तक्ता कार्टवर चिकटवलेला हवा, कारण हृदय बंद पडलेलं असताना कोणालाही गुणाकार धड जमत नाही.

फोन आला तर आधी विचारायचं: श्वास कसा घेतोय, शुद्धीवर आहे का, रक्त वाहतंय का, वजन अंदाजे किती. नाव, जात, लसीकरण नंतर. विषबाधेचा संशय असेल तर पाकीट, बाटली, उलटीचा नमुना सोबत आणायला सांगा आणि घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, असं स्पष्ट बजावा. उष्माघात असेल तर आधी पाण्याने भिजवा, मग गाडीत खिडक्या उघड्या ठेवून आणा. गाडीखाली आलेल्या प्राण्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर उचलायला सांगा. दुखावलेला प्राणी घरच्या माणसालाही चावतो, याची आठवण द्या. पण ज्याला श्वास घेता येत नाही किंवा उलट्या होतायत, त्याचं तोंड बांधायचं नाही.

## दारातली पहिली नजर

पालक जे सांगतात ते महत्त्वाचं असतंच, पण ते ऐकता ऐकता तुमचे डोळे प्राण्यावर हवेत. तीन गोष्टी बघायच्या: श्वास, रक्ताभिसरण, मेंदू. यातली एक जरी बिघडलेली दिसली तरी प्राणी आत जातो, फॉर्म मागाहून.

श्वास हात न लावता बघायचा. मान पुढे ताणलेली, कोपरं शरीरापासून लांब, नाकपुड्या फुललेल्या, छाती आत जाताना पोट बाहेर येतंय, ही जीव मेटाकुटीला आल्याची लक्षणं आहेत. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर ते दमलंय, घाबरलंय अशी समजूत काढत बसू नका. इमर्जन्सी धरा.

मग हिरडी. गुलाबी असेल तर ठीक. फिकट किंवा पांढरी म्हणजे रक्त कमी झालंय किंवा पोचत नाहीये. विटेसारखी लाल हिरडी जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यावर किंवा उष्माघातात दिसते. पिवळी म्हणजे कावीळ. चॉकलेटी रंग दिसला, विशेषतः मांजरात, तर पॅरासिटामॉल दिलं होतं का ते लगेच विचारा. निळसर रंगाची वाट मात्र कधीच बघू नका. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन डेसिलीटरमागे साधारण ५ ग्रॅम झाल्याशिवाय तो दिसत नाही. ज्याच्या अंगात मुळात रक्तच कमी आहे तो प्राणी निळा न पडताच मरू शकतो.

बोटाने हिरडी दाबून सोडली की रंग २ सेकंदांच्या आत परतायला हवा. मांडीच्या आतल्या बाजूला नाडी धरा, दुसऱ्या हातात स्टेथोस्कोप. हृदयाचा ठोका पडला पण नाडीला पोचला नाही, असं होतंय का ते एकाच वेळी दोन्हीकडे लक्ष दिल्याशिवाय कळत नाही. पंजे गार आहेत की गरम, तेही हातानेच कळतं. तापमान शेवटी घेतलं तरी चालतं.

साधारण आकडे डोक्यात असू द्या. कुत्र्याचे ठोके मिनिटाला ६० ते १४०, अगदी लहान जातींत याहून जास्त. मांजराचे दवाखान्यात १६० ते २२०. श्वास दोघांचाही विश्रांतीत ३०च्या आत. तापमान ३७.५ ते ३९.२ अंश सेल्सिअस.

कुत्रा शॉकमध्ये गेला की सुरुवातीला ठोके वाढतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मांजर तसं वागत नाही. शॉकमधल्या मांजराचे ठोके बरेचदा मंदावतात, अंग गार पडतं आणि रक्तदाब उतरतो. १३० ठोक्यांचं गार, शांत पडलेलं मांजर नव्या माणसाला "निवांत" वाटतं. ते निवांत नसतं, मरणाच्या वाटेवर असतं.

काही तक्रारी अशा आहेत, की प्राणी वरून बरा दिसला तरी थेट आत घ्यायचा: सारखी लघवीला बसणारा बोका, फुगलेल्या पोटाचा आणि कोरडे उमाळे काढणारा मोठा कुत्रा, नुकतंच विष खाल्लेला प्राणी, डोळा खोबणीतून बाहेर आलेला, बाळंतपणात अडकलेली मादी, आणि फिट येऊन गेलेला. याच वेळी पालकांना एक अवघड प्रश्न विचारून ठेवावा लागतो: हृदय थांबलं तर आम्ही पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करावा का? उत्तर ठळक अक्षरात केसपेपरवर लिहा.

## ऑक्सिजन: कमी झटापट, जास्त हवा

श्वासाचा त्रास असलेल्या प्राण्याला आडवं पाडायचं नाही. एक्स-रेसाठी नाही, सलाईनसाठी नाही, रक्तासाठीही नाही. त्याला छातीवर बसू द्या किंवा त्याने स्वतः निवडलेल्या स्थितीत राहू द्या. नाकाजवळ नळी धरून मिनिटाला २ ते ३ लिटर ऑक्सिजन सोडला तरी बरीच मदत होते. घट्ट मास्क लावल्यावर प्राणी झगडत असेल तर मास्क काढा, कारण झगडण्यात तो मिळवलेल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन खर्च करतो.

मांजर बास्केटमधून ओढून काढू नका. वरचं झाकण स्क्रू किंवा क्लिप सोडवून उचला, मांजर खालच्या तबकातच राहू दे, आणि ते तबकच ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात सरकवा. डॉक्टर बऱ्याचदा ब्युटोर्फॅनॉल या शांत करणाऱ्या औषधाचा छोटा डोस स्नायूत द्यायला सांगतात. भीती उतरली की श्वासही थोडा सैलावतो. मग १० मिनिटं त्याला कोणीही हात लावायचा नाही. ही १० मिनिटं नव्या तंत्रज्ञाला फार जड जातात, काहीतरी करावंसं वाटत राहतं. त्या वेळात काचेतून श्वास मोजा आणि पुढची तयारी करा: योग्य मापाची नळी, लॅरिंगोस्कोप, आणि छातीतलं पाणी किंवा हवा काढायचा संच, म्हणजे बटरफ्लाय सुई, थ्री-वे स्टॉपकॉक, मोठी सिरिंज, क्लिपर, नमुन्याच्या बाटल्या. डॉक्टरांनी "टॅप करू" म्हटलं की ट्रे शोधायला पळावं लागू नये.

पल्स ऑक्सिमीटर ९५च्या वर असावा. ९०च्या खाली आला म्हणजे धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब जवळपास ६० मिलिमीटरवर घसरलाय. पण हिरडी मुळातच काळपट असेल, अंग गार असेल किंवा प्राणी थरथरत असेल तर यंत्र वाटेल ते दाखवतं. यंत्राने मोजलेले ठोके आणि तुमच्या हाताला लागलेले ठोके जुळत नसतील, तर तो आकडा कागदावर उतरवू नका.

## शीर

शॉकमधल्या कुत्र्याची शीर नेहमीसारखी टरारून वर येत नाही. पुढच्या पायावर क्लिपर नीट, सगळीकडून फिरवा. घाईत अर्धवट केस काढले की नंतर चिकटपट्टी निसटते आणि मेहनत वाया जाते. क्लोरहेक्सिडिनने घासा, ते त्वचेवर काही वेळ राहू द्या, मग पुसा. मदतनीसाने कोपराच्या मागून धरून अंगठ्याने शीर थोडी बाहेरच्या बाजूला वळवायची. दिसत नसेल तर बोटाने चाचपा. रिकामी शीर ओल्या दोरीसारखी बोटाखाली सरकते. सुई नेहमीपेक्षा आडवी, १५ अंशांच्या आसपास ठेवून आत घाला. दाब कमी असल्यामुळे मागच्या भागात रक्त उसळत नाही, हळूच एक थेंब दिसतो. तो दिसला की सुई आणखी खाली झुकवून २-३ मिलिमीटर पुढे न्या आणि मगच प्लास्टिकची नळी सरकवा. बहुतेकांची शीर इथेच निसटते: सुईचं टोक आत असतं, पण नळीचं टोक अजून बाहेर असतं.

नळी निवडताना आखूड आणि जाड घ्या. प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे थोडी जाड नळी फार मोठा फरक करते. मध्यम-मोठ्या कुत्र्याला १८ नंबर, लहान कुत्र्याला २०, मांजराला २२. पोट पिळवटलेल्या कुत्र्याला सलाईन पुढच्याच पायांत लावायचं, शक्य तर दोन्ही. फुगलेलं जठर पोटातली मोठी शीर दाबून धरतं, मग मागच्या पायातून दिलेलं पाणी हृदयापर्यंत पोचत नाही. इवल्या पिल्लात शीर मिळतच नसेल तर डॉक्टर मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातून मज्जेत सुई घालतात. तिथून सलाईन आणि औषधं दोन्ही जातात.

नळी बसली की लगेच फ्लश करू नका. आधी तिच्यातूनच थोडं रक्त घ्या.

## थेंबभर रक्तातून काय कळतं

चार गोष्टी ५ मिनिटांत मिळतात: पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत ते), एकूण प्रथिनं, साखर आणि लॅक्टेट. त्यातली पहिली दोन नेहमी जोडीने वाचायची.

गाडीखाली आलेल्या कुत्र्याचा पीसीव्ही ४५ आला की नवखा माणूस सुस्कारा सोडतो. कुत्र्याची प्लीहा मात्र रक्तस्राव झाला की आकसते आणि साठवलेल्या लाल पेशी बाहेर सोडते, त्यामुळे सुरुवातीला पीसीव्ही नॉर्मल राहतो. प्रथिनं ४.५ ग्रॅमवर आलेली असतील तर रक्त आत कुठेतरी वाहतंय, असा संशय धरायचा. दोन्ही वाढलेले असतील तर शरीर कोरडं पडलंय. पीसीव्ही कमी पण प्रथिनं जागेवर असतील तर पेशी फुटतायत किंवा तयारच होत नाहीयेत. पीसीव्हीची काचनळी उजेडात धरून वरचा द्रवही बघा. पिवळा आहे, लाल आहे की दुधाळ, ते लिहा. कुत्र्याचा पीसीव्ही ३७ ते ५५, मांजराचा २५ ते ४५ धरतात.

साखर डेसिलीटरमागे ६० मिग्रॅच्या खाली असेल तर ओरडून सांगा, हळू सांगू नका. लॅक्टेट साधारण लिटरमागे २.५ मिलिमोलच्या आत असावं. वाढलेलं असेल तर पेशींना ऑक्सिजन पुरत नाहीये. उपचारानंतर काही तासांनी पुन्हा मोजल्यावर ते उतरलं की नाही, हे पहिल्या आकड्यापेक्षा जास्त मोलाचं असतं.

## सलाईन: ओता, थांबा, बघा

शॉकमध्ये कुत्र्याचा पूर्ण डोस किलोमागे ९० मिली आणि मांजराचा ५० ते ६० मिली असं पूर्वी पाठ करून घेत असत. आता तेवढं एकदम ओतत नाहीत. कुत्र्याला किलोमागे १० ते २० मिली, मांजराला ५ ते १० मिली, १५ ते २० मिनिटांत. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला २०० ते ४०० मिली, ४ किलोच्या मांजराला फक्त २० ते ४०. एवढं गेलं की पंप थांबवून परत तीच यादी: ठोके, नाडीचा जोर, हिरडी, पंजे, शुद्ध, रक्तदाब. सुधारणा दिसली नाही तर डॉक्टर पुढचा डोस ठरवतील.

हृदयरोगी प्राण्याला हा नियम लागू नाही. मांजराच्या छातीत गॅलप (ठोक्याचा जादा आवाज) किंवा मर्मर (ठोक्याबरोबरची सरसर) ऐकू आला, किंवा सलाईन चालू असताना श्वास वाढू लागला, तर पंप बंद करून आधी सांगा. गार पडलेल्या मांजराला ऊब देत देत सलाईन द्यावं लागतं. गार अंगावर दिलेलं पाणी सुरुवातीला काहीच फरक दाखवत नाही, माणूस आणखी ओततो, आणि अंग गरम झालं की सगळं फुप्फुसात उतरतं.

रक्तदाबाचा कफ पायाच्या घेराच्या ४० टक्के रुंद हवा. अरुंद कफ दाब जास्त दाखवतो, रुंद कफ कमी. वरचा दाब ९०च्या खाली किंवा सरासरी ६०च्या खाली गेला की सांगायचं.

रक्त द्यायचं ठरलं तर मांजराचा रक्तगट तपासल्याशिवाय पिशवीला हात लावू नका. बी गटाच्या मांजराच्या अंगात ए गटाविरुद्धची प्रतिद्रव्यं आधी कधी रक्त दिलेलं नसतानाही आपोआप तयार झालेली असतात, त्यामुळे चुकीचं रक्त पहिल्याच वेळी जीव घेऊ शकतं. सुरुवात अगदी हळू करा. पहिला तासभर दर १५ मिनिटांनी तापमान, ठोके, श्वास, चेहऱ्याची सूज, उलटी बघा, आणि पिशवी ४ तासांत संपवा.

## नेहमी येणाऱ्या काही केसेस

तुंबलेला बोका. पालक सांगतात "बद्धकोष्ठ झालंय", कारण तो सारखा ट्रेमध्ये बसून कुंथत असतो. पोटात लिंबापासून संत्र्याएवढा टणक गोळा हाताला लागला तर ते मूत्राशय आहे. जोरात दाबू नका, फुटेल. लगेच ईसीजी लावा. लघवी अडल्यामुळे पोटॅशियम चढतं, आणि पडद्यावर ते क्रमाने दिसतं: टी लाट उंच आणि टोकदार, मग पी लाट गायब, मग क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लाट) रुंद आणि ठोके मंद. अशा वेळी डॉक्टर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट किलोमागे ०.५ ते १ मिली, ५ ते १० मिनिटांत हळू द्यायला सांगतात. नजर पडद्यावरून हलवायची नाही, ठोके आणखी मंदावले तर थांबायचं. कॅल्शियमने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला फक्त थोडा वेळ संरक्षण मिळतं. पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन आणि ग्लुकोज लागतं, म्हणून पुढचे काही तास साखर तपासत राहावी लागते. अडथळा निघाल्यावर लघवी इतकी सुटते की बोका पुन्हा कोरडा पडतो. तेव्हा दर ४ तासांनी पिशवीतली लघवी मोजून सलाईनशी ताळा घाला.

पिळवटलेलं जठर. खोल छातीचा मोठा कुत्रा, उमाळे पण उलटी नाही, फुगलेली डावी-उजवी कूस. एक्स-रे उजव्या कुशीवर. जठरात घालायच्या नळ्या, जाड सुया आणि शस्त्रक्रियेची तयारी एकाच वेळी सुरू करायची. ईसीजी चालू ठेवा. ठोक्यांची लय शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही बिघडू शकते.

फिट. ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा मध्ये शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर जिवावर बेतू शकतं. शीर मिळाली तर डायझेपाम किलोमागे ०.५ मिग्रॅ. मिळाली नाही तर शोधत बसू नका, मिडाझोलाम नाकातून किलोमागे ०.२ मिग्रॅ, किंवा डायझेपाम गुदद्वारातून किलोमागे १ मिग्रॅ. साखर बघा. तापमानही बघा, स्नायूंच्या झटक्यांनी ते ४१च्या पुढे जातं. तोंडात बोटं घालू नका, जीभ गिळली जात नाही. लस न घेतलेला, लाळ गाळणारा, वागणूक बदललेला प्राणी असेल तर रेबीज मनात धरून हातमोजे आणि चष्मा चढवा, आणि कोणाकोणाला लाळ लागली त्याची नोंद ठेवा.

उष्माघात. साधं गार पाणी आणि पंखा. ३९.५ अंशांवर आला की गार करणं थांबवा, नाहीतर तापमान खाली घसरत राहतं. पुढे दोन-तीन दिवस त्वचेवर लाल ठिपके, रक्ताची जुलाब, लघवी कमी होणं यांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा.

विष. उलटी काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. रॉकेल, आम्ल, अल्कली गेलं असेल किंवा प्राणी गुंगीत असेल तर काढत नाहीत. मांजराला हायड्रोजन पेरॉक्साइड कधीच नाही. रक्त पातळ करणारं उंदीर मारायचं औषध खाल्लेला कुत्रा पहिल्या दिवशी हसतखेळत असतो आणि तीन ते पाच दिवसांनी कोसळतो, म्हणून "आता ठीक आहे" असं पालकांना परस्पर सांगून टाकू नका. लिलीचा पराग चाटलेलं मांजर आणि कुत्र्याची पर्मेथ्रिनची गोचीड-औषधं लावलेलं मांजर, दोघंही थेट आत.

## हृदय थांबल्यावर

पशुवैद्यकीय पुनरुज्जीवनाची रिकव्हर मार्गदर्शक तत्त्वं २०१२ साली आली आणि २०२४ साली सुधारली गेली. प्राणी निपचित आहे आणि श्वास घेत नाहीये, एवढं दिसलं की सुरू करायचं. नाडी शोधण्यात मिनिट घालवू नका. जिवंत हृदयावर थोडे दाब दिल्याने होणारं नुकसान, बंद हृदयावर न दिल्याने होणाऱ्या नुकसानापुढे काहीच नाही.

मिनिटाला १०० ते १२० दाब. कुशीवर पडलेल्या प्राण्याच्या छातीची रुंदी एक तृतीयांश ते निम्मी दबायला हवी, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलेला माणूस छातीवर रेलतो आणि त्याला ते कळत नाही. गोल छातीच्या मोठ्या कुत्र्यात छातीच्या सर्वांत रुंद भागावर, ग्रेहाउंडसारख्या चिंचोळ्या छातीत थेट हृदयावर, बुलडॉगसारख्या सपाट छातीच्या कुत्र्याला पाठीवर झोपवून छातीच्या हाडावर. मांजरात एका हाताच्या पकडीत छाती धरून दाबता येते. टेबल उंच असेल तर पायाखाली स्टूल घ्या, कोपरं सरळ ठेवा.

श्वासनलिकेत नळी घालताना दाब थांबवायचे नाहीत, आडव्या प्राण्यातच घालायला शिका. श्वास मिनिटाला फक्त १०, प्रत्येकी सेकंदभर. घाबरलेला माणूस अँबू बॅग ३०-४० वेळा दाबतो, छातीतला दाब वाढतो आणि हृदयात परतणारं रक्त अडतं. दोन मिनिटं झाली की दाबणारा बदला. अदलाबदल १० सेकंदांच्या आत, आणि त्याच क्षणी ईसीजी बघून घ्या.

अ‍ॅड्रेनालिन किलोमागे ०.०१ मिग्रॅ, दर ३ ते ५ मिनिटांनी. मिलीत १ मिग्रॅच्या बाटलीतून १० किलोच्या कुत्र्याला ०.१ मिली, एवढंच. मोठा डोस आता देत नाहीत. बाहेर टाकलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड १८ मिलिमीटर किंवा जास्त राहील असा दाब द्या. तो अचानक वर उसळला तर हृदय परत सुरू झालं असावं. शून्याजवळ असेल तर नळी अन्ननलिकेत गेलेली नाही ना ते तपासा.

एकाने वेळ आणि औषधं लिहायची, तो दुसरं काही करणार नाही. सांगितलेलं काम मोठ्याने परत म्हणायचं: "अ‍ॅड्रेनालिन ०.१ मिली भरतोय", मग "अ‍ॅड्रेनालिन ०.१ मिली दिलं". कोणाला उद्देशून न बोललेलं "कोणीतरी सक्शन आणा" हे वाक्य हवेत विरतं. नाव घेऊन सांगा. फार थोडे प्राणी यातून घरी जातात. भुलीखाली हृदय थांबलेल्यांना सर्वांत जास्त संधी असते, म्हणून भुलीच्या वेळी तिथून हलू नका.

## आयसीयूची रात्र

टेबलावरची धावपळ संपते आणि खरं काम सुरू होतं. डॉ. रेबेका कर्बी यांनी गंभीर रुग्णात रोज बघायच्या २० गोष्टींची यादी घालून दिली, ती अजूनही आयसीयूत वापरतात: पाण्याचा ताळा, रक्तदाब, साखर, क्षार, ऑक्सिजन, रक्त गोठणं, शुद्ध, वेदना, पोषण, आतड्यांची हालचाल, जखमा, अगदी शेवटी मायेची शुश्रूषा. यादी भिंतीवर लावा.

लघवी किलोमागे तासाला १ ते २ मिली हवी. कॅथेटर नसेल तर बिछान्याचा पॅड आधी कोरडा वजन करून ठेवा, नंतर ओला झाला की पुन्हा वजन करा. १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली. किलोमागे अर्ध्या मिलीच्या खाली गेली तर सकाळची वाट बघू नका.

न उठणाऱ्या प्राण्याची कूस दर ४ तासांनी बदला आणि कुठल्या कुशीवर आहे ते लिहा. डोळ्यांत मलम, तोंड ओल्या कापसाने पुसणं, सांधे हलकेच वाकवणं, मूत्राशय रिकामं करणं. सलाईनची पट्टी रोज सोडून बघा. शिरेच्या जागी लाली, गरमपणा, दोरीसारखा कडकपणा आला किंवा बोटं सुजली तर नळी काढा. डोक्याला मार असेल तर मान न वळवता डोकं १५ ते ३० अंश वर ठेवा, गळ्याच्या शिरेतून रक्त काढू नका, आणि हालचाल, मेंदूचे प्रतिसाद, शुद्ध या तिन्हींना १ ते ६ गुण देऊन दर काही तासांनी बेरीज करा. १८ पैकी १५ असलेला आता १२वर आला, ही बातमी फोन करून डॉक्टरांना उठवण्याइतकी मोठी आहे.

वेदना हा आयसीयूतला सगळ्यात दुर्लक्षित आकडा. दुखणारा कुत्रा विव्हळेल, पण मांजर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ करून, डोळे बारीक करून, कान बाजूला पाडून गप्प बसतं. वेदनेचा तक्ता वापरा आणि औषध दिल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा गुण द्या.

खाणं लवकर सुरू करायचं. विश्रांतीतली गरज म्हणजे वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. १० किलोच्या कुत्र्याला साधारण ३९४ किलोकॅलरी. बरेच दिवस उपाशी असलेल्याला पहिल्या दिवशी त्याच्या एक तृतीयांशच. मळमळणाऱ्या मांजराच्या तोंडात अन्न कोंबू नका, त्याला त्या अन्नाचाच तिटकारा बसतो. आणि शक्य असेल तिथे कामं एकत्र करा: १२ वाजताचं औषध, तापमान, कूस बदलणं एका वेळी, मग दोन तास दिवा मंद. झोप न मिळालेला प्राणी बरा होत नाही.

## डॉक्टरांना काय सांगायचं

"सर, ब्रूनो ठीक वाटत नाहीये" या वाक्यावर कोणीच काही करू शकत नाही. असं सांगा: "सर, प्लीहेची शस्त्रक्रिया झालेला ब्रूनो. १० वाजता ठोके ११०, आता १६०. हिरडी फिकट, रक्तदाब १२० वरून ८५. पीसीव्ही ३२ वरून २४. पोट फुगल्यासारखं लागतंय. येऊन बघता का?" आधीचा आकडा आणि आताचा, दोन्ही. तरीही काहीतरी बिनसलंय असं वाटत असेल आणि आकडे सगळे नीट असतील, तर तेही सांगा. रोज तोच प्राणी बघणाऱ्याची नजर यंत्राच्या आधी ओळखते, आणि चांगले डॉक्टर हे जाणून असतात.

ड्युटी सोपवताना खुर्चीत बसून नाही, पिंजऱ्यासमोर उभं राहून सोपवा. प्रत्येक पंपावरचा वेग आणि औषधाचं नाव दोघांनी मिळून ऑर्डरशी ताडून बघा, नळी पिशवीपासून शिरेपर्यंत बोटाने धरून न्या. लघवीची पिशवी रिकामी करून वेळ लिहा. पालकांशी शेवटचं बोलणं कोणी केलं आणि काय सांगितलं, तेही पुढच्याला सांगा. क्रॅश कार्टमधलं जे वापरलं ते भरून, सील लावून, मग हातमोजे काढा.